हाफ सेल्फला चालू झाले म्हणून जुने इंजिन आतून चांगले ठरत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतील जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींत एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो: इंजिन हाफ सेल्फला, म्हणजे स्टार्टर जेमतेम फिरताच, चालू झाले, सायलेन्सरमधून धूर आला नाही आणि ऑइलचा दिवा लगेच विझला, तर ते आतून उत्तम आहे, प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) मोजणे म्हणजे चांगल्या चालत्या इंजिनाशी विनाकारण छेडछाड. याच भरवशावर लोक प्रीमियर पद्मिनी घरी आणतात, म्हणून यातील प्रत्येक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

गाडी चटकन चालू होते यावरून बॅटरी, इग्निशन आणि कार्बोरेटर ठीक आहेत, एवढेच कळते. चारपैकी एक सिलिंडर अशक्त असला तरी उरलेले तीन इंजिन चालते ठेवतात. त्यातही विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर ही परीक्षा निरर्थकच होते.

धुराचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण जाड ऑइल भरले की धूर काही दिवस दबतो आणि जागेवर उभ्या गाडीत तर तो दिसतही नाही. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उताराला गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, खाली पोचल्यावर तो पुन्हा दाबावा आणि मागच्या गाडीतून कोणाला तरी पाहायला सांगावे. त्या क्षणी निळ्या धुराचा लोट निघाला, तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळ्या, झिजलेले असतात. चढावर जोर देताना तो सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांवर संशय घ्यावा.

ऑइलचा दिवा तर अगदी थोड्या दाबालाही विझतो. अर्धा तास गाडी चालवून, दिव्याच्या स्विचच्या जागी दाब मोजणारे गेज लावून, उभ्या गाडीत इंजिन मंद गतीवर असतानाचा ऑइलचा दाब पाहिल्याशिवाय क्रँकशाफ्टच्या बेअरिंगबद्दल काही बोलता येत नाही.

राहिली छेडछाड. प्लग काढणे ही नेहमीच्या सर्व्हिसिंगमधलीच गोष्ट आहे. फक्त पद्मिनीचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे, म्हणून मऊ आट्यांचे असल्याने भोवतालची धूळ आधी उडवावी आणि परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर सोडवून, एकेका प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, गेजचा काटा थांबेपर्यंत सेल्फ मारावा. आकड्यांपेक्षा त्यांतील फरक महत्त्वाचा असतो: तीन सिलिंडर १२५ पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास आणि एक फक्त ८५ दाखवत असेल, तर त्या एकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती रिंगमधून होते आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉकमधली सीलबंद पट्टी). शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील, तर गॅस्केट त्यांच्या मधोमध गेलेले असण्याची शक्यता मोठी असते.

खाडीकाठच्या दमट हवेत बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीला मात्र आधी सेल्फ मारूच नये. प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडता येणारा छोटा कॅमेरा घालून बोअरवर गंज आहे का ते पाहावे, आत ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने फिरवावे. गंजलेल्या बोअरमध्ये एकदम सेल्फ मारला तर चिकटलेल्या रिंग तुटू शकतात.

ही काळजी पैशांपुरती नाही. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी असून भागत नाही, ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि इंजिनातील फेरबदलही आड येतात. त्यामुळे विकणारा प्लगही काढू देत नसेल, तर हेड आणि इंजिनाखालचे ऑइल चेंबर उतरवावे लागणार असे धरूनच किंमत सांगावी.