ठसका लागतो म्हणून बाळाचं दूध घट्ट करू नका

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला आणि संध्याकाळपर्यंत कागलच्या मावसबहिणीनं पेजेचं पाणी उकळायला ठेवलं पण! तिचं बाळ आठव्या महिन्यातच झालंय, आत्ता कुठं घरी आणलंय, म्हणून लिहितोय. फॉरवर्ड काय म्हणतो, तर दूध पिताना ठसका लागत असेल तर दुधात तांदळाची पेज नाहीतर मेडिकलमधली घट्ट करायची पावडर घाला, चवीला मध, ओढता येईना तर निप्पलचं भोक मोठं करा, घट्ट दूध फुप्फुसात जातच नाही, ठसका थांबला की बाळ बरं, डॉक्टर नको.

आधी पावडरचं बोलूया. अमेरिकेत झँथन गमचं (हा दाटपणा आणणारा पदार्थ) 'सिंपलीथिक' नावाचं जेल ह्याच कामाला वापरायचे. मे २०११ मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सांगितलं की ३७ आठवड्यांच्या आधी, म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना हे देऊ नका. २०१२ ला तर कुठल्याही वयाच्या तान्ह्या बाळाबद्दल सावध केलं, कारण तोवर जेल दिलेल्या २२ बाळांना एनईसी झाल्याची नोंद होती, म्हणजे आतडं सुजून त्याचा भाग मरायला लागतो, आणि त्यातली ७ बाळं गेली. जेलमुळंच झालं हे पक्कं सिद्ध झालेलं नाही, मान्य, पण म्हणून आपल्या पोरावर करून बघायचं का?

आता ठसका थांबला म्हणजे बरं झालं, हे. मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आलाय. गिळायचा त्रास असलेल्या बऱ्याच बाळांच्यात दूध श्वासनळीत गेलं तरी खोकला येतच नाही, डॉक्टर त्याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. घरचे म्हणतात गुण आला आणि तिकडं दूध छातीत साठत असतं. पिताना ओठ निळसर होणं, प्याल्यावर घशात घरघर, सारखा सारखा न्यूमोनिया, वजन न वाढणं, हे बघा, नुसता ठसका मोजू नका.

घट्ट दूध सावकाश सरकतं, तेवढ्यात श्वासनळी झाकायला वेळ मिळतो, म्हणून काही मुलांना डॉक्टर ते देतात, एवढं त्यात खरं आहे. पण आधी तपासतात, लागलं तर बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) घातलेलं दूध पाजून एक्स-रेवर गिळणं बघतात, मग किती घट्ट ते ठरतं. ते मोजायला १० मिलीच्या सिरिंजची टेस्ट आहे, १० सेकंदात किती गळतं त्यावर घट्टपणाची लेव्हल. पेज आज पातळ उद्या दाट, आणि आईच्या दुधात तर स्टार्च पचवणारं एन्झाइमच असतं, त्यामुळं त्यात पेज घातली तरी थोड्या वेळात परत पातळ होतं.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडायचा आजार, होऊ शकतो. निप्पलचं भोक वाढवलं की एकदम जास्त दूध तोंडात येतं, म्हणजे ठसका वाढणारच.

बहिणीला पेज थांबवायला लावलीय, आता बालरोगतज्ञ आणि गिळण्याचं बघणारा स्पीच थेरपिस्ट दोघांना दाखवायचंय. कुशीवर धरून पाजणं, स्लो फ्लोचं निप्पल, मधे मधे थांबणं, बऱ्याचदा आधी हेच करून बघतात. आणि हो, ज्यांच्या बाळाला तपासून घट्ट दूध सांगितलंय त्यांनी हे वाचून आपल्या मनानं बंद करू नका, तुमच्या डॉक्टरना फोन करून विचारा.