क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच थांबवण्याच्या संदेशाबाबत खुलासा

‘क्षयरोगाच्या गोळ्या सहा महिने घेतल्या की शरीराला त्यांची सवय होते, म्हणून खोकला थांबताच त्या बंद करून उरलेले काम प्रतिकारशक्तीवर सोपवावे,’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

औषधाला दाद न देण्याचा गुण रुग्णाच्या शरीरात नव्हे, तर जंतूत निर्माण होतो. जंतू वाढताना त्यांच्या जनुकांत आपोआप बदल घडतात आणि आरपीओबी या जनुकातील ठरावीक बदलांमुळे रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचे एक मुख्य औषध निष्प्रभ ठरते. औषधे अनियमित घेतली की नेमके असेच जंतू तग धरतात. म्हणूनच, एका औषधातून वाचलेला जंतू दुसऱ्याने मरावा यासाठी, साध्या क्षयरोगात पहिले दोन महिने चार आणि पुढे चार महिने तीन औषधे एकत्र दिली जातात.

प्रतिकारशक्तीचे म्हणाल, तर जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींतच हे जंतू दडून राहतात, कारण पेशीतील पाचक द्रव्ये आपल्यापर्यंत पोहोचू न देण्याची युक्ती त्यांना साधलेली आहे. बहुसंख्य जंतू मेल्यावर खोकला थांबतो. सुस्तावलेले जंतू मात्र उरतात आणि गोळ्या मध्येच थांबवल्या की तेच पुन्हा वाढू शकतात. (प्रतिरोधी जंतूंची लागण दुसऱ्याकडून थेटही होते, तेव्हा प्रत्येक वेळी रुग्णाला दोष देणे योग्य नाही.)

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.