डोळ्यातल्या नव्या रक्तवाहिन्या ही ‘दुरुस्ती’ नव्हे

‘मधुमेहात डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात ती शरीराची दुरुस्तीच. लेसरने जाळू नका, साखर उतरली की आपोआप जिरतात. स्पष्ट दिसतंय तोवर डॉक्टर कशाला?’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे.

‘दुरुस्तीच.’ सुरुवात तशी असते, पण काम बिघडतं. रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, केशवाहिनीला आतून एंडोथेलियल पेशींचं अस्तर असतं आणि बाहेरून पेरिसाइट पेशी बिलगलेल्या असतात. अस्तर शांत ठेवणारं अँजिओपोएटिन-१ हे प्रथिन पेरिसाइटकडून येतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पेरिसाइट मरतात, भिंतीला फुगे येतात, काही वाहिन्या बंद पडतात. प्राणवायू कमी पडला की रेटिनाला आधार देणाऱ्या म्यूलर पेशी व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात. मग अस्तरातली एक पेशी पुढे सरकते आणि नॉच या पेशी-पेशींतल्या संकेताने शेजारणींना मागे ठेवते. त्या मागून नळी लांबवतात. इथवर सगळं शिस्तीत. पण हे कोंब उपाशी रेटिनात न शिरता तिच्या पृष्ठभागावरून काचद्रवाकडे, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीकडे, जातात. बाहेरून पेरिसाइटचं पुरेसं आवरण नसल्याने ते गळतात, ताण बसला की फुटतात. सोबतची तंतुमय ऊती आक्रसून रेटिना ओढून जागेवरून सोडवते.

‘लेसरने जाळू नका.’ लेसर मुळात त्या वाहिन्यांवर मारतच नाहीत. मधला मॅक्युला (स्पष्ट नजरेचा भाग) सोडून कडेच्या रेटिनावर साधारण १२०० ते १६०० ठिपके देतात. तिथल्या प्राणवायू खाणाऱ्या प्रकाशग्राही पेशी कमी झाल्या की मागणी घटते, व्हीईजीएफ उतरतं आणि वाहिन्या सुकतात. कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते, हे खरं. ते रुग्णाला आधी सांगायलाच हवं. दुसरा मार्ग व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनचा. त्याचा असर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून ‘एक घेतलं, बरं वाटलं’ म्हणून तारखा चुकवणं महागात पडतं.

‘आपोआप जिरतात.’ साखर आटोक्यात ठेवल्याने डोळ्याचा आजार लांबणीवर पडतो. १९९३च्या डीसीसीटी या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांत हे स्पष्ट दिसलं. पण बंद पडलेली केशवाहिनी त्याने उघडत नाही. उलट, साखर झपाट्याने उतरवली तर पहिल्या काही महिन्यांत रेटिना तात्पुरती बिघडू शकते. म्हणून आधी डोळे तपासून घ्या. साखर उतरवणं मात्र टाळू नका.

‘दिसतंय तोवर.’ मॅक्युला शाबूत असेल तर कोंब फुटलेले असतानाही अक्षरं स्वच्छ वाचता येतात. टाइप २ असेल तर निदान होताच, टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत, आणि पुढे सहसा वर्षातून एकदा रेटिना तपासावी. थेंब घालून बाहुली मोठी केली तर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी दुसऱ्याला चालवू द्या.