ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हला बूच? – गीझर दुरुस्तीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबेल. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गीझर म्हणजे टाकी, कॉइल आणि थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडणारा भाग), त्याला शिकलेला, परवानावाला माणूस कशाला, कंपनीवाले नुसत्या भेटीचे पैसे घेतात, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने तीनशे रुपयांत कॉइल बदलली, सारखा ठिबकणारा व्हॉल्व्ह बूच मारून बंद केला, वर्ष झालं तरी सगळं छान चालू आहे, आणि गावच्या घरचा गॅस गीझर तर तुम्ही स्वतःच उघडता.

बाकीचं मागाहून. आधी गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) पाडा आणि बूच निघून नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत तो वर करू नका.

थंड पाण्याच्या इनलेटवरचा हा व्हॉल्व्ह टाकीतलं पाणी लाइनीत उलटं जाऊ देत नाही आणि दाब मर्यादेपलीकडे गेला की पाणी बाहेर सोडतो. २५ अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत तापलं की सुमारे दोन टक्के फुगतं. २५ लिटरच्या टाकीत हे अर्धा लिटर भरतं. मागे जायला वाट नाही, नळ बंद, मग ते व्हॉल्व्हच्या तोटीतूनच येणार. तापताना ठिबकतोय म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय.

गीझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर मात्र कारण शोधायला हवं. एकतर लाइनीचा दाब जास्त आहे (वरच्या टाकीपासून दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार, शिवाय प्रेशर पंप असेल तर त्याचा वेगळा), किंवा व्हॉल्व्हच्या आत क्षाराचा खडा अडकलाय. दाब जास्त असेल तर इनलेटच्या आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचा. खडा असेल तर व्हॉल्व्ह बदलायचा, तोही गीझरच्या पट्टीवर छापलेला दाब पाहून. दोन्ही बाबतीत बुचाचा काही उपयोग नाही.

वर्षभर काही झालं नाही, याचं एक कारण तुमचा थर्मोस्टॅट अजून शाबूत असावा. त्याचे पॉइंट चिकटले की पाणी तापतच राहतं. मग कटआउटने वीज तोडायची असते. पण कटआउट वारंवार उडतो म्हणून तो ‘डायरेक्ट’ करून (म्हणजे मधून काढून तारा थेट जोडून) देणारे मिस्त्रीही कमी नाहीत. तेही झालं असेल आणि व्हॉल्व्हला बूच असेल, तर दाबाखालचं पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही, नुसतं तापत जातं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्या आसपास जागा मागते. त्या मिस्त्रीने कटआउटला हात लावलाय का, हे आजच विचारा.

आता कॉइल. ती बदलणं अवघड नाही, हे मान्य. एमसीबी बंद, इनलेटचा कॉक बंद, टाकी रिकामी, खालचं झाकण काढून फ्लँजचे (कॉइल धरणाऱ्या चकतीचे) बोल्ट सोडायचे, जुनी काढून नवी घालायची. पण ती कशामुळे गेली, हे कुणी पाहिलं? बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचा थर चढतो, उष्णता पाण्यात जात नाही, आतली तार जास्त तापते, वरची नळी तडकते आणि ओल आत शिरून करंट बॉडीवर उतरतो. म्हणून झाकण उघडलंच आहे तर टाकीच्या तळातला चुरा धुवायचा आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड पाहायचा. तो झिजून आतली तार दिसायला लागली असेल तर नवा घालायचा, नाहीतर पुढची पाळी टाकीच्या पत्र्याची. गॅस्केट दरवेळी नवंच.

नवी २ किलोवॉटची कॉइल मल्टिमीटरवर २६ ओहमच्या आसपास दिसायला हवी. बॉडीकडे होणारी करंटची गळती मात्र मल्टिमीटरच्या चिमुकल्या बॅटरीला नेहमी सापडत नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट लावून गळती तपासणारं मीटर) लागतो. आणि गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत स्विच लावायचा नाही. कोरडी तापवलेली कॉइल मिनिटांत जळते.

शिकलेला माणूस ओळखायचा तो इथे. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर तो गळती शोधतो. दुसरा अर्थिंगची तार सोडून देतो किंवा आरसीसीबीच काढून टाकतो. ट्रिपिंग थांबतं, गिऱ्हाईक खूश, आणि ओल्या हाताने नळ धरणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. २ किलोवॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटरची तार (४ ची असली तर उत्तम) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. पिन काळवंडलेली असेल तर नवी कॉइल घालूनही दुखणं तिथेच राहणार.

परवान्याबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. वीज सुरक्षेचे नियम घरगुती उपकरण किंवा स्विच जसाच्या तसा बदलायला परवानाधारक ठेकेदार मागत नाहीत. पण नवी लाइन ओढायची, पॉइंट हलवायचा, लोड वाढवायचा, तर तो लागतोच. कंपनीचा टी-शर्ट म्हणजे ज्ञान असंही नाही. गरज नसताना टाकी बदलायला सांगणारे तिथेही भेटतात. जुना पार्ट हातात मागा, गळलेली टाकी डोळ्यांनी पाहा, बिल घ्या. नंबर वॉरंटी कार्डावरचा लावा; इंटरनेटवर दिसणारे ‘कस्टमर केअर’ नंबर कित्येकदा भलत्याच लोकांचे असतात.

राहिला गॅस गीझर. सेल बदला, पाण्याच्या इनलेटची जाळी धुवा, तेवढं घरी चालेल. बर्नर, जेट आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडू नका. एलपीजीला मुद्दाम वास घातलेला असतो, पण अपुऱ्या हवेत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोकं जड होतं, मग चक्कर येते, आणि कडी काढायचं भान राहत नाही. गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर दुरुस्तीच्या आधी तो बाहेर हलवून घ्या आणि धूर थेट मोकळ्या हवेत नेणारा पाइप बसवा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली, तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडून बाहेर या आणि मग फोन करा.