'भाटगिरी', एआय आणि अडकलेले ६२,००० : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

फ्रीलान्स लेखनाचा भाव आधी ठरवून घ्या, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही केलेली टीका तिथल्या तिथे दोन ओळींत निकालात काढण्यासारखी नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सरांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यांच्या मते मी तरुण मुलांना भुलवते आहे. कंपन्यांसाठी लिहिणं ही भाटगिरी, लेखन नव्हे. त्यातलं जे काही बरं होतं तेही आता एआयने खाल्लं. आणि भाव, करार वगैरे गोष्टी पुण्या-मुंबईत बसून इंग्रजीत लिहिणाऱ्यांना शोभतात. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या पुतणीचं उदाहरण दिलं आहे. एमए मराठी झालेल्या या मुलीने कंपन्यांना लेख पुरवणाऱ्या एका एजन्सीसाठी वर्षभर लेख लिहिले, कामं सगळी व्हॉट्सॲपवर आली, ६२,००० रुपये अडकले. जीएसटी नंबर नाही म्हणून बिल थांबलंय असं एजन्सीने एकदा कळवलं, त्यानंतर फोन उचलणं बंद.

माझ्या दृष्टीने या सगळ्यात पुतणीची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. पण आधी भाटगिरी, कारण तो शब्द मला लागला.

मी सांगलीत राहते. किर्लोस्करवाडी इथून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तिथे कारखाना उभा केला, त्या काळात लोखंडी नांगर विकणं हे नुसतं विक्रीचं काम नव्हतं. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं पत्रक म्हणून. आजच्या कुठल्याही एजन्सीतल्या पोराला त्याचं वर्णन करून सांगा, तो म्हणेल, हे तर कंटेंट मार्केटिंग, म्हणजे थेट जाहिरात न करता उपयोगी लेखांतून गिऱ्हाईक जोडणं. पुढे त्या पत्रकाचं मासिक झालं, १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघालं, आणि मराठी मध्यमवर्गाच्या पिढ्या ते वाचत वाढल्या. तुमच्या शाळेच्या वाचनालयातही जुने अंक असतील. माझं लिहिणं त्या तोलाचं आहे असं मुळीच नाही. सोलर पंपाच्या देखभालीवरचा लेख कुणी बाइंडिंग करून जपणार नाही. पण पैसे कंपनीने दिले म्हणजे लिहिलेलं आपोआप खोटं, हे मला मान्य नाही. काय लिहून मागतात आणि आपण काय लिहून देतो यावर ते ठरतं. हातातही न घेतलेल्या वस्तूंबद्दल 'समाधानी ग्राहकां'च्या नावाने मनोगतं लिहून द्या, अशी कामं बाजारात आहेत आणि ती घेणारेही आहेत. त्यांना खुशाल भाट म्हणा. भाट निदान दरबारात सगळ्यांसमोर उभा राहून म्हणायचा.

मुळात या कामात नेमकं काय करावं लागतं, याचं एक उदाहरण देते. द्राक्षावरची औषधं विकणाऱ्या एका कंपनीला ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांवर लेख हवे होते. कंपनीकडून आलेल्या कागदात उत्पादनाचे गुण होते, सगळे ठळक अक्षरांत. तासगावकडच्या औषधाच्या दुकानात तासभर बसलं की कळतं, बागायतदार गुण विचारतच नाही. तो विचारतो, डाऊनीला, म्हणजे केवड्याच्या बुरशीला, चालतं का? कशात मिसळायचं नाही? मारल्यावर पाऊस आला तर परत मारायचं का? आणि माल युरोपला जाणार असेल तर पीएचआय किती, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे? त्या प्रश्नांवरच माझे लेख उभे राहिले. प्रत्यक्ष लिहायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ विचारण्यात आणि तपासण्यात जातो. तो वेळ बिलात कुठे दिसत नाही, म्हणून शब्दाचा भाव ऐकून लोकांना तो जास्त वाटतो.

एआयबद्दल तुमचं म्हणणं खालच्या थरापुरतं पूर्ण खरं आहे. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याआधी गुगलच्या शोधात वर दिसावेत म्हणून कीवर्ड कोंबलेले पाचशे शब्दांचे लेख पन्नास पैसे शब्दाने लिहून खोलीभाडं भागवणारी पुष्कळ मुलं होती. ते काम गेलं, आणि परत येणार नाही. त्या कामाची शाश्वती आधीही नव्हती. २०११ मध्ये गुगलने आपल्या शोधात 'पांडा' नावाचा बदल केला, तेव्हा असल्या लेखांचे कारखाने काढून बसलेल्या साइट्स एका फटक्यात खाली गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा तसाच एक बदल आला. आता तर शोध घेतला की गुगल स्वतःच वर उत्तर लिहून देतं, साइट उघडायची गरजच अनेकदा उरत नाही. वाचक आलाच नाही तर कंपनी लेखाला पैसे कशाला मोजेल? या प्रश्नाला माझ्याकडे धीर देणारं उत्तर नाही. म्हणून पगाराची नोकरी सोडून यात उडी मारा, असं मी कुणालाही सांगत नाही.

पण वरचा थर मला वेगळा दिसतो. त्याच द्राक्षवाल्या कंपनीने पुढच्या हंगामात मशीनकडून मसुदा करून घेतला आणि 'फक्त भाषा बघून द्या' म्हणून पाव दराने माझ्याकडे पाठवला. भाषा ठीक होती, शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा बरं. पण त्यात एक बुरशीनाशक सुचवलं होतं, ज्याला द्राक्षावर लेबल क्लेमच नव्हता. कुठलं औषध कुठल्या पिकावर वापरायला केंद्राच्या नोंदणी समितीची मान्यता आहे, ते लेबलवर असतं. कंपनीच्या नावावरचा लेख वाचून कुणी ते मारलं असतं आणि तपासणीत अंश सापडले असते, तर त्याचा निर्यातीचा माल अडकला असता. मी भाषा बघण्याचा दर नाकारला, तपासणीचं काम म्हणून तासावर बिल लावलं, आणि ते पास झालं. हल्ली 'एआयचा मसुदा माणसासारखा करून द्या' अशी कामं सर्रास येतात. ती शब्दाच्या भावात घेऊ नयेत. दुसऱ्याची चूक शोधायला स्वतः लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे वह्या तपासणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं.

आता इंग्रजी आणि मराठी. मराठीला भाव कमी मिळतो, हे खरंच आहे. बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात मराठी लेखन म्हणून काही नसतंच, असतं ते भाषांतर, आणि त्याचं बजेट सगळ्यात शेवटी निघतं. त्यात एक गोम आहे, जी नवीन मुलांना कुणी सांगत नाही. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतला हजार शब्दांचा मजकूर मराठीत आला की शब्दसंख्या बरीच खाली येते. मराठी शब्दांवर बिल केलं तर तेवढंच काम करून पैसे कमी. मूळ मजकुराच्या शब्दांवर दर लावावा, किंवा सरळ लेखाचा दर सांगावा. पण भाव कमी मिळतो म्हणून करार आपल्यासाठी नाही, ही उडी मला समजली नाही. कायदा लेखाची भाषा विचारत नाही.

तर पुतणीचे पैसे. मी वकील नाही, पण अडकलेल्या बिलांमागे स्वतः पुष्कळ फिरले आहे.

जीएसटीचं कारण टिकणारं नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्तीच नाही. साध्या बिलावर पॅन आणि बँकेचा तपशील पुरतो. हे तिने ईमेलवर लिहून पाठवावं, फोनवर नको.

दुसरं, तिला प्राप्तिकराच्या पोर्टलवर जाऊन स्वतःचा २६एएस, म्हणजे तिच्या नावावर भरलेल्या कराचा उतारा, उघडायला सांगा. एजन्सी ही कंपनी असेल आणि तिने हे बिल खर्चात धरलं असेल, तर त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरायचा कर, कापून भरलेला असण्याची शक्यता आहे. कारण टीडीएस पैसे देताना किंवा हिशेबात जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो. व्यावसायिक फी म्हणून कापला असेल तर दर १० टक्के, म्हणजे ६,२००. (एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० च्या वरच्या रकमेलाच हा लागू होतो, आधी मर्यादा ३०,००० होती.) ती नोंद सापडली तर 'असं काही बिलच नाही' म्हणायची सोय एजन्सीला उरत नाही. शिवाय तिचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मागता येतात. पुष्कळ मुलं हे बघतच नाहीत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. लेखी करार नाही याचं तुम्हाला दुःख आहे, पण एका बाबतीत तो नसणंच तिच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क सहसा मालकाचा. बाहेरून काम करणाऱ्याच्या लेखाचा पहिला मालक मात्र लिहिणारा स्वतःच. तो हक्क दुसऱ्याकडे जायला लिहिणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, कलम १९ तसं म्हणतं. कागद झाला तरी त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तुमच्या पुतणीने असा कागद दिलेला नाही. लेख आजही कुठल्यातरी कंपनीच्या साइटवर असणार. एजन्सीला पत्र लिहा: अमुक दिवसांत पैसे द्या, नाहीतर लेख उतरवा. त्याची एक प्रत ज्या कंपनीच्या साइटवर लेख आहेत तिला पाठवा. त्या कंपनीने एजन्सीला पैसे कधीच देऊन टाकलेले असू शकतात, आणि आपल्या साइटवर दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर आहे हे कळल्यावर तिथून एजन्सीला जो फोन जातो, तो एजन्सी उचलते. वापरायची परवानगी गृहीतच होती, असा बचाव होऊ शकतो, म्हणून पत्र वकिलाच्या नजरेखालून घाला. पण बिल न देता तो बचाव करणं अवघड जातं.

व्हॉट्सॲपवरचं सगळं संभाषण एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा, आणि प्रकरण मिटेपर्यंत तो फोन विकू नका. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून मिळेल त्या रकमेवर तडजोड करायची गरज नाही.

लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदाही आहे, आणि तो तुमच्या पुतणीसारख्या एकट्या व्यावसायिकालाही लागू होऊ शकतो. त्यात लेखी मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि लेखी काही नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी एक चाप बसवला: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करातून वजा करता येत नाही. तेव्हापासून मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंट्सवाले आपणहून फोन करून विचारतात, तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, आहे का. वर्षानुवर्षं उलट्या दिशेने फोन केल्यावर ते ऐकायला बरं वाटतं.

अडचण अशी की या कायद्याचा फायदा घ्यायला ही नोंदणी हवी, आणि ती व्यवहाराआधीची हवी, असं धरलं जात आलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की मागाहून नोंदणी करून आधीच्या व्यवहारासाठी हा लाभ मागता येणार नाही; २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. तिची नोंदणी नसेल तर या ६२,००० साठी या रस्त्यावर विसंबू नका. वरचे दोन, टीडीएसची नोंद आणि कॉपीराइटचं पत्र, तेवढे लगेच करा.

पुढचं काम घेण्याआधी मात्र तिला उद्यम नोंदणी करून घ्यायला सांगा. आधार आणि पॅन लागतं, घरबसल्या होते, फी एक रुपयाही नाही. शोधलं की पैसे मागणाऱ्या भरपूर साइट्स वर दिसतील, हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या. खऱ्या साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. नोंदणी क्रमांक आला की तो प्रत्येक बिलावर, पॅनच्या खाली लिहायचा.