बाबांच्या मापवहीतले आकडे

मागच्या महिन्यात माळा आवरताना बाबांच्या जुन्या मापवह्या सापडल्या. म्हापशाच्या बाजारात बाबांचं चाळीस वर्षं शिलाईचं दुकान होतं. छाती, खांदा, बाही, उंची, सगळं त्यांच्या हातचं. २०११ च्या वहीत आकडे टपोरे, लांबून वाचता येतील असे. २०१४ च्या वहीत तेच आकडे ओळीच्या शेवटाला बारीक होत जातात आणि २०१६ च्या वहीत तर मुंगीएवढे झालेत, मला भिंग घ्यावं लागलं. हाताची थरथर आमच्या लक्षात आली २०१७ ला. म्हणजे पार्किन्सन्स तीन वर्षं त्या वहीत येऊन बसला होता आणि आम्ही रोज तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्याच भेटीत बाबांपुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "नाव-पत्ता लिहा बघू." तेव्हा मला कळलंच नाही हे कशासाठी.

आता सकाळी सहाला पहिली गोळी, लेव्होडोपाची. बाबा अंथरुणावर लाकडासारखे पडलेले असतात, कुशीवर वळायलाही मी लागते. पाऊण तासाने स्वतः उठतात, शर्टाची बटणं लावतात, अंगणातली अबोली काढून आणतात. जेवणाआधी अर्धा तास दुपारची गोळी घ्यायची, नुस्त्याच्या हुमणाबरोबर नाही, कारण माशातल्या प्रथिनांचे तुकडे आणि हे औषध मेंदूत एकाच दारातून शिरतात आणि दारात गर्दी झाली की औषध बाहेर राहतं. मी वेर्ण्याला फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, एकवीस वर्षं आहे, गोळी किती मिनिटांत विरघळते ते झोपेत सांगेन. पण ती मुळात कोणाच्या डोक्यातून आली हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं माझ्या भाचीने. डोपामिन हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन, पार्किन्सन्समध्ये तेच कमी पडतं. ते मज्जापेशीवर जिथे येऊन बसतं त्या जागेवर, म्हणजे रिसेप्टरवर, ती पीएचडी करते, आणि आज लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

तिने मला आर्विद कार्लसनबद्दल सांगितलं. स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ, जन्म १९२३. आधी ते कॅल्शियमवर काम करायचे आणि त्या कामाला फारसं महत्त्व नाही म्हणून त्यांना विद्यापीठातली वरची जागा मिळाली नाही. म्हणून विषय बदलला, १९५५ मध्ये अमेरिकेत औषधशास्त्रज्ञ ब्रोडींच्या लॅबमध्ये गेले. तिथे त्यांच्या हाती काय आलं माहितीय? रेसर्पिन. म्हणजे आपली सर्पगंधा! ज्या मुळीचा ब्लडप्रेशरवर होणारा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश जर्नलमध्ये मांडला होता, तिच्यातूनच काढलेलं औषध.

स्वीडनला परतल्यावर कार्लसननी ते सशांना दिलं. ससे कान पाडून नुसते बसून राहिले, हालेनात. मग त्यांना डोपा टोचला, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते द्रव्य, आणि थोड्याच वेळात तेच ससे कान उभारून फिरायला लागले. हे १९५७ साली छापून आलं. तोवर डोपामिन म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिन हे दुसरं रसायन बनतानाची मधली पायरी, एवढीच त्याची किंमत होती. कार्लसन म्हणाले की नाही, डोपामिन मेंदूत स्वतःच निरोप पोचवतं. १९६० मध्ये लंडनला परिषद झाली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या लोकांना हे पटलं नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात हॉर्निकीविच या शास्त्रज्ञांनी पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, त्यांच्यात डोपामिन अगदीच कमी निघालं, आणि १९६१ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना डोपाची इंजेक्शनं दिली तर ते उठून चालले. मी हे वाचलं ते सकाळी पावणेसातला, बाबा अंगणात होते.

रिसेप्टरचं मला खूप दिवस समजत नव्हतं, शेवटी भाचीने बाबांच्या धंद्यातलं उदाहरण दिलं. डोपामिन हे बटण आणि रिसेप्टर हे काज. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची औषधं मेंदूत काय करतात हे कोणाला माहीत नव्हतं. १९६३ मध्ये कार्लसन आणि त्यांच्या सहकारी लिंडक्विस्टना दिसलं की ही औषधं दिली की डोपामिन वापरलं गेल्याच्या खुणा उलट वाढतात. त्यावरून त्यांनी ताडलं की औषध काजं बुजवून टाकतंय, आणि बटण लागत नाही म्हणून मज्जापेशी आणखी आणखी बटणं पाठवतेय. तेव्हा रिसेप्टर कोणी मोजलेला नव्हता, मोजले ते पुढे सत्तरीच्या दशकात. नुसत्या उरल्यासुरल्या खुणांवरून एवढं ओळखणं म्हणजे काय नजर असेल!

आणि त्यांचं सगळंच यशस्वी झालं असंही नाही. झिमेलिडिन हे नैराश्यावरचं औषध त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शोधलं, सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावर नेमकं काम करणारं, १९८२ मध्ये बाजारात आलं आणि काही पेशंटना मज्जातंतूंचा गंभीर आजार झाल्यामुळे १९८३ मध्ये परत घ्यावं लागलं. पण ती वाट बरोबर होती, पुढची औषधं त्याच वाटेने आली. नोबेल मिळालं २००० मध्ये, म्हणजे सशांनंतर त्रेचाळीस वर्षांनी.

मला याचं फार वाटतं की सर्पगंधा आपल्या रानातली, आणि खाजकुयली, जिच्या शेंगा लागून आपण लहानपणी अंग खाजवत घरी यायचो, तिच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामींनी मद्रासमध्ये १९३७ सालीच लेव्होडोपा, म्हणजे बाबांच्या गोळीतला तोच डोपा, वेगळा काढला होता! मुळी होती, बी होती, हुशार माणसं होती. पण एकाच प्रश्नापाशी वर्षानुवर्षं बसू देईल अशी जागा, पगार आणि धीर लागतो, तो आपण किती जणांना दिला?

भाचीला विचारणारे सगळे आमचेच. "अजून शिकतेच?" "बीफार्म करून वेर्ण्याला लागली असती तर घर झालं असतं." "उंदरांच्या मेंदूचा उपयोग काय?" तिची फेलोशिप महिना ३७,००० आहे, आणि ती मागच्या वर्षी पाच महिने आलीच नाही. संस्थेचं नाव घेत नाही. पोरगी रूमचं भाडं मैत्रिणीकडून उसनं घेऊन लॅबमध्ये रात्री अकरापर्यंत उभी होती आणि घरी फोनवर "सगळं बरं चाललंय" म्हणत होती. मला हे चवथीला ती आली तेव्हा कळलं आणि पोटात तुटलं. तिला पैशाचा, लग्नाचा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, आधी आमच्या घरी सकाळी सहाला या आणि पाऊण तास बसा.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला हाक मारली, "बाय, टेप आण." लॅबमध्ये घालायला एप्रन शिवायचा म्हणाले. मशीन बंद पडून सात वर्षं झालीत, तरी ती गप्प उभी राहिली. गोळी घेऊन तासभर झाला होता, हात बऱ्यापैकी स्थिर होता. छाती, खांदा, बाही, उंची. बाबा एकेक माप घ्यायचे, जोरात म्हणायचे आणि वहीत लिहायचे, मध्ये दोनदा थांबले. मी नंतर वही उघडून बघितली. शेवटचा आकडा जरा लहान झालाय, पण भिंग लागत नाही. कापड पांढरं टेरीकॉट हवंय म्हणाले, शुक्रवारी म्हापशाला जाऊन आणते.