मुख्याध्यापकांच्या जागी सही

सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, अंदाजे तीन मिनिटं, मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. पदभार स्वीकारला तेव्हा पायात ओल्या चपला होत्या आणि काखेत गळकी छत्री. पदावरून मला खिडकीपलीकडच्या क्लार्कने काढलं. व्हाइटनर लावून काढलं, आणि मागच्या वीस-बावीस पालकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात काढलं.

झालं होतं ते एवढंच. कन्या आठवीत गेली. आठवीत भाषा निवडायची असते. मराठी आणि इंग्रजी ठरलेल्या, त्यांना विचारायची पद्धत नाही. उरलेल्या जागेसाठी फॉर्मवर तीन चौकटी: हिंदी संपूर्ण, शंभर गुण. संस्कृत संपूर्ण, शंभर गुण. हिंदी-संस्कृत संयुक्त, पन्नास अधिक पन्नास. यातल्या एका चौकटीत बरोबरची खूण करायची आणि खाली सही ठोकायची. पाच मिनिटांचं काम, म्हणून मला पाठवलं. आमच्याकडे कामांची वाटणी अशीच आहे. बिघडण्यासारखं काही नसेल ते माझ्याकडे येतं.

निघताना दोन आदेश मिळाले. बायको म्हणाली, "संपूर्ण संस्कृत. तिथे कुणाशी चर्चा करत बसू नकोस." कन्या जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, संयुक्त. आमचं दोघींचं ठरलंय." दोघी म्हणजे ती आणि तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. मैत्रिणीच्या घरी हिंदी म्हणत होते, आमच्या घरी संस्कृत, म्हणून दोघींनी मधला मार्ग काढला होता. इतका समंजस तह मी अलीकडे कुठे पाहिलेला नाही. मी दोघींना "हो" म्हणालो आणि फॉर्म कोरा ठेवून निघालो. रांगेत उभं राहिल्यावर काहीतरी सुचेल, असा विचार होता. माझे बरेच निर्णय रांगेत उभं राहिल्यावर होतात, आणि बहुतेक पुढच्या माणसाच्या मताने होतात.

पुढे एक बाई होत्या.

त्यांच्या हातात पारदर्शक कप्प्यांचा एक जाडजूड फोल्डर होता. कप्प्यांवर रंगीत चिठ्ठ्या. शेवटच्या कप्प्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: दहावी. मुलगा आठवीत चाललेला. तो कुठे दिसेना म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "क्लासला." शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. क्लास एप्रिलपासून चालू होता.

"तुमचं संपूर्णच ना?" त्यांनी विचारलं.

"ठरतंय अजून."

त्यांनी फोल्डर मिटला. मला वाटतं, आपल्याला एक मागास पालक सापडला आहे, याचा त्यांना खरोखरच आनंद झाला असावा.

"ठरवायचं काय त्यात? हिशोब बघा. दहावीला सहा विषय, सहाशे मार्क. पण टक्केवारी काढतात पाचशेवर. बेस्ट ऑफ फाइव्ह. सहातला सगळ्यात कमी मार्कांचा विषय बाद."

"मग सोपंच झालं की," मी म्हणालो. "कुठलीही भाषा घ्या. नाही जमली तर तीच बाद."

फर्स्ट क्लासच्या डब्यात चुकून चढलेल्या माणसाकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"संस्कृत काय बाद करायला घेतात? बाद करायला आम्ही मराठी ठेवलंय."

हे वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं. शुद्ध, सुरेख, जरा सानुनासिक मराठीत. भाजीतला कढीपत्ता बाजूला काढून ठेवतात तितक्या सहज. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर दिवसभर पेढ्यांची चित्रं पडत होती. एकाने तर फेटा बांधलेला 'अ' पाठवला होता. त्यातले किती पेढे या बाईंचे होते, ते आता शोधायला हवं.

मी जरा कळवळून म्हणालो, "मराठी का पण?"

"कारण मराठीत पैकीच्या पैकी देत नाहीत. तिथे स्वतःच्या शब्दांत लिहायला लागतं. स्वतःच्या शब्दांना कोण देतं पूर्ण मार्क? संस्कृतात कसं, रूप एकतर बरोबर नाहीतर चूक. तपासणाऱ्याला मध्ये यायला जागाच नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणून जास्त लागलं. आपली भाषा आपल्याला महाग पडते, कारण ती आपल्याला येते, असा काहीसा हा न्याय आहे. मराठीला यांच्या घरी पस्तीस मार्कांची पोटगी ठरलेली आहे. तेवढे पडले की ती सुटली आणि हेही सुटले.

"आणि चित्रकला?" आता त्यांनीच विषय वाढवला. "एलिमेंटरीची परीक्षा देऊन टाकायची लवकर. मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड म्हणजे दहावीला वरचे सात मार्क. बी ला पाच, सी ला तीन. आमचा रोज तांब्या काढतो."

"तांब्या?"

"स्थिरचित्राला येतो ना! तांब्या, दोन वांगी, मागे कापड. त्याला आता डोळे मिटून येतं." त्यांनी फोल्डरमधून एक कागद काढून दाखवला. तांब्या खरोखरच झकास होता. वांग्यांवर प्रकाश पडला होता. मी म्हणालो, "हात चांगला आहे हो याचा. पुढे चित्रकार व्हायला हरकत नाही." त्यांनी कागद पटकन आत सरकवला. मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

खरं तर बोलायचा अधिकार मला नव्हताच. मी स्वतः संपूर्ण संस्कृतवाला. तीन वर्षं घासली, ब्याण्णव पडले, आणि त्यातलं आज शिल्लक काय? देवः देवौ देवाः. त्याच्यापुढे देवम् देवौ इथपर्यंत गाडी जाते आणि मग अंधार. आमच्या बाई म्हणायच्या, द्विवचनाचं महत्त्व लग्न झाल्यावर कळेल. लग्नाला सतरा वर्षं झाली, घरात एकवचनच चालतं, आणि ते माझं नाही. भाषांतरं गाइडातून पाठ केली होती, सुभाषितांचे अर्थ गाइडातून, गाइडातल्या छपाईच्या चुकासुद्धा इमानदारीने पाठ केल्या होत्या. दहावीच्या संपूर्ण संस्कृतच्या पुस्तकाचं नाव 'आमोद' आणि संयुक्तच्या पुस्तकाचं 'आनंद'. म्हणजे पन्नास मार्कांपर्यंत आनंदच असतो, शंभरावर गेला की त्याचा आमोद होतो. गणिताच्या पुस्तकाला असलं नाव ठेवायची कुणाची छाती झालेली नाही, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक.

रांग दोन पावलं सरकली. बाईंनी शेवटचं अस्त्र काढलं.

"चिंतामणराव देशमुख माहितीयत ना? १९१२ ला मॅट्रिकला पहिले. संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर!"

"पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३," मी म्हणालो. बाई जरा चमकल्या. मला चेव चढला. "आणि त्यांनी मेघदूताचं मराठी भाषांतर केलं. म्हणजे संस्कृत घेतलं ते शेवटी मराठीच्याच कामी आलं."

बाईंनी क्षणभर विचार केला.

"त्याचे मार्क असतात?"

त्यांचा नंबर आला. त्यांचा फॉर्म दोन दिवसांपूर्वीच भरलेला, सही केलेला, फोटोकॉपी जोडलेला. काम चाळीस सेकंदांत आटोपलं. पण त्या गेल्या नाहीत. खिडकीशेजारी उभं राहून फोल्डर लावत बसल्या. माझी फजिती बघायला थांबल्या असं मी म्हणणार नाही, पण फोल्डर तेव्हा लावायची काही गरज नव्हती.

खिडकीतल्या काकांनी मुलीचं नाव विचारलं आणि समोरच्या यादीवरून फूटपट्टी खाली सरकवत नेली. एका ओळीवर फूटपट्टी थांबली.

"अ तुकडी. संस्कृत. खूण करा आणि सही करा."

"नाही, म्हणजे आमचं अजून ठरलेलं नाही."

"यादी लागलीय ना." त्यांनी यादी माझ्याकडे न वळवता तिच्यावर बोट आपटलं. "सातवीच्या मार्कांवर पहिली साठ मुलं 'अ'ला. 'अ'ला संस्कृत. बाकीच्यांना हिंदी."

"आम्हाला संयुक्त हवं होतं."

"संयुक्त आपल्याकडे नाही."

"पण इथे चौकट आहे."

"फॉर्म तयार छापून येतो, साहेब. संयुक्तला पन्नासचं हे आणि पन्नासचं ते, तासांचा मेळ कुणी घालायचा? आपल्याकडे संस्कृतला बाई एकच."

"मग सगळं ठरलेलंच आहे, तर हा फॉर्म कशाला भरून घेता?"

काकांनी पहिल्यांदाच मान वर केली. माझ्या प्रश्नाने ते खरोखर बुचकळ्यात पडले होते.

"निवड पालकांची असते ना!"

यावर काय बोलणार? बोललो नाही, याचाच आता राग येतोय. भाषा निवडायला आलो होतो आणि तिथे तर मुलं निवडून झाली होती. साठ हुशार एका वर्गात भरायचे, त्यांच्या वर्गाला संस्कृत म्हणायचं, आणि उरलेल्यांच्या वर्गाला हिंदी. म्हणजे हिंदी ही भाषा नाही, सातवीचा निकाल आहे. कुणाला मनापासून हिंदी आवडत असेल आणि मार्कही चांगले असतील, तर त्या पोराने काय करायचं? मुद्दाम गणितात नापास व्हायचं? बरं, संस्कृतचं तरी काय भलं होतंय यात? ती बिचारी तुकडीची पाटी होऊन बसली आहे. हे सगळं मी खिडकीत बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर वाकून यादी उलटी वाचायचा प्रयत्न केला. 'क' तुकडीच्या रकान्यात, खालून चौथं, कन्येच्या मैत्रिणीचं नाव होतं.

त्या तिरीमिरीत मी संस्कृतच्या चौकटीत खूण केली, खाली पहिली दिसली त्या रेषेवर झोकात सही केली आणि कागद आत सरकवला.

काकांनी कागद बघितला. चष्मा वर केला. पुन्हा बघितला. मग मागच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "अहो, खुर्ची द्या यांना. नवे मुख्याध्यापक आलेत."

फॉर्मवर सहीच्या तीन रेषा होत्या. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पालक. पालक सगळ्यात खाली, कोपऱ्यात, पान कापताना उरलेल्या जागेत. विद्यार्थ्याला रेषा नाही. हे मी तेव्हाच बघितलं, पण त्याआधी रांगेत हशा पिकला होता. फोल्डरवाल्या बाई तर "अगंबाई!" म्हणाल्या, आणि हे "अगंबाई" आता ग्रुपवर जाणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

दुसरा फॉर्म द्या म्हटलं, तर फॉर्म मोजून आलेले. काकांनी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला. त्याची बाटली इतकी जुनी, की ब्रशला दह्यासारख्या गाठी आलेल्या. त्यांनी माझ्या कारकिर्दीवर तीन फटकारे मारले, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "फुंका."

"काय?"

"फुंका. वाळल्याशिवाय खालची सही नको."

तर मी फुंकलं. बेचाळिसाव्या वर्षी, काखेत छत्री धरून, एका खिडकीत वाकून मी माझ्याच सहीवर फुंकर मारत होतो आणि मागे बावीस जण थांबले होते. एकजण म्हणाला, "जरा जोरात मारा साहेब, पावसाळा आहे."

परतताना सिग्नलला उभा असताना मला एकदम सुचलं. देशमुख! १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडलं त्यांनी. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने! म्हणजे बाई, तुमचा तो संपूर्ण संस्कृतवाला माणूससुद्धा ऐन वेळी संयुक्तच्या बाजूने उभा राहिला होता! मी मोठ्याने हसलो. शेजारच्या स्कूटरवाल्याने आपली स्कूटर थोडी बाजूला घेतली. असली उत्तरं मला नेहमी दीड किलोमीटर उशिरा सुचतात.

घरी बायकोने पालकांची प्रत हातात घेतली. "संस्कृत ना? मग झालं तर. एका सांगण्यात काम केलंस." मी काही खुलासा केला नाही. श्रेय क्वचित मिळतं.

कन्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसली होती. काही विचारलं नाही. दुपारीच मैत्रिणीचा फोन येऊन गेला होता म्हणे. कव्हराचा कोपरा ती इतक्या जोरात दाबत होती, की तो दोनदा फाटला. मी म्हटलं, "संयुक्त तिथे नाहीच गं. चौकट नुसती छापलेली आहे." ती "हं" म्हणाली.

तेवढ्यात बायकोने कागद ट्यूबलाइटसमोर धरला. "हे काय? हे पांढरं कसलं? आणि त्याच्या खाली मुख्याध्यापक म्हणून तुझी सही का दिसतेय?"

सांगावंच लागलं. खुर्ची द्या यांना, दह्यासारखा व्हाइटनर, फुंका, सगळं. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कन्याही कागद बघायला उठली. तिनेही तो उजेडात धरला, माझी सही बोटाने गिरवून बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बाबा, मुख्याध्यापक आहेस ना तू? मग मला 'क' मध्ये टाक."